रिकाम्या नाट्यगृहात आत्ता कोण आहे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या डॉक्टरचा मृतदेह सेमिनार हॉलमध्ये सापडला. दोन्हींवरून आपल्याकडे रान उठलं. कोल्हापूरचा वाद इमारतीचा होता: आग लागली कशी, पुन्हा बांधणार कोण. कोलकात्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने बायकांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असं सुचवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला खडसावावं लागलं की सुरक्षा देणं तुमचं काम, बायकांना रात्री घरी बसवणं नव्हे.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं स्वतःचं छोटं थिएटर आहे, सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. वेशभूषेचं सामान लावायला मी अनेकदा एकटीच जाते. तालीम नसताना, प्रयोग नसताना, आत एकच माणूस असतो तेव्हाचं काय, हे त्या दोन्ही वादांत कुणी विचारलेलं मला दिसलं नाही.

इथे एकट्याने काम करायला कायद्याची बंदी नाही. उलट, एकही पगारी माणूस नसलेल्या संस्थेला कामाच्या जागी सुरक्षेसाठी असलेल्या १९७४ च्या कायद्यातलं बरंचसं लागूच होत नाही. तरी आमचे नियम आहेत. स्टेज डोअरपाशी, म्हणजे कलाकारांच्या मागच्या दारापाशी, वही असते, त्यात आलेली वेळ आणि निघायची वेळ लिहायची. एकट्याने शिडी चढायची नाही, दिवे फोकस करायचे नाहीत, पडदे-नेपथ्य वर टांगणाऱ्या वजनदोरांना हात लावायचा नाही. तिकिटांचा गल्ला दोघांनी मोजायचा. बाहेरचं दार लावून घ्यायचं, पण आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आग लागल्यावर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. तळघरात रेंज नाही, म्हणून खाली उतरण्याआधी मेसेज टाकायचा. रंगमंचावर एक दिवा चालू ठेवायचा, त्याला घोस्ट लाइट म्हणतात. भुतांच्या गोष्टी राहू द्या, अंधारात कुणी ऑर्केस्ट्रा पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, कोसळू नये एवढाच त्याचा उपयोग.

सगळ्यात कामाचा नियम फोनचा. ‘निघालीस की कळव’ असं आपल्याकडेही म्हणतातच. पण नाही कळवलं तर? इथे ज्याला कळवायचं त्याच्याकडे दुसरी किल्ली असते, आणि किती वेळ वाट बघून यायचं हेही ठरलेलं असतं. हे नसेल तर ती नुसती काळजी.

इथलं सगळंच गोड आहे असं नाही. धोक्यांचा तक्ता दरवर्षी भरला जातो, सही होते, फाइल कपाटात जाते. वहीत निघायची वेळ येतानाच लिहून मोकळे होणारेही आहेत. आपल्याकडच्या मोठ्या नाट्यगृहात माणूस सहसा एकटा सापडायचा नाही. पडदेवाले, ध्वनीवाले, रखवालदार, कुणी ना कुणी असतंच. वहीपेक्षा ही माणसं मला अधिक भरवशाची वाटतात. पण प्रायोगिक मंडळींच्या लहान हॉलमध्ये शेवटी एकच पोरगा किंवा पोरगी सेट आवरून कुलूप लावते, तिथे ही सोबत नसते. आणि ‘कुणीतरी असतंच’ मधला तो कुणीतरी कोण, हाही प्रश्न आहेच. नव्या नाट्यगृहांबद्दल बोलताना अग्निशमनाबरोबर हेही विचारावं: रात्री किल्ली कुणाकडे, आणि आत कोण आहे हे कुणाला माहीत असतं?

आमच्या समितीतही एकदा सूचना आली होती, बायकांनी एकटीने येऊ नये. खजिनदार आजोबांनी ती तिथल्या तिथे हाणून पाडली. शिडीवरून पडायला बाईच असावं लागत नाही, म्हणाले. नियम सगळ्यांना एकच झाला. आता वहीत लिहायला लागतं म्हणून सगळ्यात जास्त कुरकुर तेच करतात.