भिंग रोज पुसावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंय, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ‘दुर्बिणीचं पुढचं भिंग शक्यतो पुसू नका’ हा सल्ला आळसाला खतपाणी घालतो, तुम्ही दर निरीक्षणानंतर चष्म्याच्या फडक्याने ते पुसता आणि इतक्या वर्षांत ओरखडा उठलेला नाही, शिवाय माझं ऐकलं तर कोकणातल्या पावसाळ्यात नवशिक्यांच्या भिंगावर बुरशी धरेल.

बुरशीची भीती रास्तच आहे. फक्त ती पुसण्याने टळत नाही. बुरशीला हवी असते ओल, आणि ती ओल आपणच डब्यात बंद करतो. रात्री दव पडलेलं असतं, भिंग गार असतं आणि आपण घाईने झाकण लावून दुर्बीण फोमच्या पेटीत ठेवतो. फोम ओल धरून ठेवतो. त्याऐवजी घरात आल्यावर झाकण काढून नळी आडवी ठेवा, भिंग आपसूक कोरडं होऊ द्या आणि मगच झाकण लावा. पावसाळ्यात दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या (ओल शोषून घेणाऱ्या मण्यांच्या) सोबतीने ठेवावी. नारंगी मणी हिरवे पडले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येतात. माझ्या मते देखभालीचा मोठा भाग इथेच संपतो.

आता धुळीकडे येऊ. १०० मिलिमीटरच्या भिंगाचं क्षेत्रफळ सुमारे ७,८५० चौरस मिलिमीटर भरतं. त्यावर ०.२ मिलिमीटर व्यासाचे शंभर कण बसले, तरी सगळे मिळून जेमतेम ३ चौरस मिलिमीटर जागा अडवतात, म्हणजे ०.०४ टक्के. याउलट कोटिंग, म्हणजे प्रकाश परत फिरणं कमी करणारा पातळ थर, नसलेल्या काचेच्या एकेका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा एक थर तेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आणतो. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाच जाड असतो. धुळीतले वाळूचे कण काचेहूनही कठीण. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण कोटिंगवर घासले जातात. चष्मा आपण नळाखाली धुतो आणि दोन-चार वर्षांनी बदलतो, भिंगाचं तसं नसतं.

ओरखडा नाही म्हणता, तर एकदा अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड भिंगावर अगदी तिरपा पाडून बघा. केसाहून बारीक रेघा तेव्हाच दिसतात. त्या प्रकाश विखुरतात आणि गुरूभोवतीचं काळं आकाश फिकट करतात. (समोरून बॅटरी मारली तर मात्र कुठलंही भिंग घाणच दिसतं, त्याने घाबरून जाऊ नका.)

पुसावं लागतंच, ते बोटाचा ठसा, परागकण किंवा वाळलेल्या दवाचे डाग असतील तेव्हा. ठसा तर लवकर काढावा, बोटांवरचा तेलकट घाम कोटिंगला बाधतो. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश अलगद फिरवा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणात औषधी कापसाचा बोळा भिजवून पिळून घ्या आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने मधून कडेकडे एकदाच ओढा. दाब अजिबात द्यायचा नाही. एक बोळा, एक फेर, मग तो टाकायचा. द्रव थेट भिंगावर फवारू नये, कडेने तो भिंगाच्या आतल्या दोन काचांच्या मधे झिरपतो. काचेची तावदानं पुसायचा स्प्रे तर नकोच.

तुमची दुर्बीण किनाऱ्याजवळ असते, म्हणून एक तपासणी जरूर करा. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून मागून बॅटरी मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू बाहेरच्या पृष्ठभागावर दिसले, तर वरच्याच पद्धतीने लगेच काढा. ते दोन काचांच्या मधे असतील, तर काचा धरून ठेवणारी रिंग फिरवून भिंग उघडू नका. त्या काचांमधलं अंतर आणि त्यांची एकमेकींशी जुळवलेली दिशा बिघडली तर तारा पुन्हा टोकदार दिसणं कठीण. जाणकार कारागीर मिळेपर्यंत दुर्बीण सिलिका जेलच्या डब्यात राहू द्या, कोरड्या हवेत ती बुरशी वाढत नाही.