पुसलेला ड्राफ्ट परत आणून देतो म्हणणारा तो मेसेज खोटा आहे

परवा संध्याकाळी क्लासवरून घरी आले तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती आणि आई ओट्याला टेकून फोनमध्ये बघत उभी होती. स्क्रीनवर 'इन्स्टॉल' असं बटण, त्यावर तिचा अंगठा. 'थांब' म्हणून मी ओरडले म्हणून बरं.

आई आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीची भिशी चालवते. वीस बायका, महिन्याला दोन-दोन हजार, म्हणजे दर महिन्याला ४०,००० रुपये तिच्या खात्यातून फिरतात. कोणी किती दिले याचा हिशोब ती वहीत उतरवायच्या आधी फोनवर, एसएमएसच्या खोक्यात लिहून ठेवते. पाठवत नाही, नुसता ठेवते. त्या दिवशी हिशोब सापडेना. तेवढ्यात भिशीच्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तो थोडक्यात असा:

'तुम्ही टाईप करून न पाठवलेला प्रत्येक मेसेज फोनमध्ये कायमचा सेव्ह असतो, कंपन्या हे लपवतात. (१) *२१* आणि खालील नंबर डायल करा, गुप्त ड्राफ्ट फोल्डर उघडेल. (२) नाही उघडलं तर खालील लिंकवरून ॲप घ्या, सगळ्या परवानग्या अलाऊ करा. अडलं तर तीन टिंबं दाबून अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज करा. (३) पाच वर्षांपर्यंतचे पुसलेले ड्राफ्ट परत मिळतील, व्हॉट्सॲपचेसुद्धा. (४) घरातल्या कोणी काय लिहून पुसलं तेही दिसेल. सर्व भगिनींना पाठवा.'

'सगळ्या बायकांना आलाय की गं, खोटा कसा असेल?' असं आई म्हणाली. मी बारा वर्षं एमएस-सीआयटी शिकवते आणि माझ्याच आईचा अंगठा त्या बटणावर होता. म्हणून हे लिहायला बसले आहे. त्या ग्रुपवरच्या प्रत्येकीने हे शेवटपर्यंत वाचावं.

कोडचं आधी उरकते. *२१* ने ड्राफ्टचं कुठलंही फोल्डर उघडत नाही. तो कॉल फॉरवर्ड करायचा कोड आहे. त्यापुढे ज्याचा नंबर टाकाल त्याला तुमचे सगळे कॉल जायला लागतात. बँकेचा ओटीपी कधी कधी फोन करून सांगितला जातो, व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करतानाही कॉलने कोड मागता येतो, आणि तो कॉल तुमच्याऐवजी त्या माणसाच्या कानात वाजतो. हाच धोका ओळखून दूरसंचार विभागाने *४०१# सारख्या कोडवर चालणारं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला कंपन्यांना सांगितलं होतं. कोणी चुकून केलं असेल तर ##००२# डायल करा, सगळी फॉरवर्डिंग रद्द होते. *#२१# ने चालू आहे की नाही ते कळतं.

आता त्या ॲपकडे येते. सगळ्यात जास्त राग मला याचाच आला आहे.

मेसेज कुठे राहतात हे अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीच प्रोग्रामरसाठीच्या आपल्या कागदपत्रांत उघड लिहून ठेवलं आहे, कोणीही वाचू शकतं. फोनमध्ये एसएमएसचा एक तक्ता असतो. प्रत्येक मेसेजपुढे त्याचा प्रकार आकड्यात लिहिलेला असतो: १ म्हणजे आलेला, २ म्हणजे गेलेला, ३ म्हणजे ड्राफ्ट, ४ जायला निघालेला, ५ म्हणजे न गेलेला, ६ रांगेतला. ड्राफ्टला तिथे आकडा आहे, जागा आहे, त्यात गुप्त काही नाही. काही मेसेज ॲप्स ड्राफ्ट या तक्त्यात न ठेवता स्वतःच्या कप्प्यात ठेवतात. पण अँड्रॉइडमध्ये एका ॲपच्या कप्प्यात दुसऱ्या ॲपला हात घालता येत नाही. मग बाहेरून आणलेलं ॲप त्या कप्प्यातून तुमचा ड्राफ्ट काढणार कुठून?

ते काढणारच नाही. ते ज्या परवानग्या मागतं त्या बघा. एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी त्याच्या हातात. नोटिफिकेशनची दिली की बँकेचा प्रत्येक संदेश त्याला दिसतो. ॲक्सेसिबिलिटी दिली की स्क्रीनवर काय आहे ते त्याला वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली ती सोय आहे. आपल्याच मेसेज ॲपमध्ये ड्राफ्ट शोधायला यातलं काहीही लागत नाही. खातं रिकामं करायला मात्र नेमकं हेच लागतं.

फॉरवर्डमधल्या त्या 'तीन टिंबांचा' अर्थही समजून घ्या. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून, बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी देता येत नाही, फोन 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून अडवतो. ही कडी अशाच ॲप्ससाठी घातलेली आहे. ती आपल्याच हाताने काढायला हा मेसेज सांगतो आहे. ज्याने तो लिहिला त्याला फोन अडवणार हे आधीपासून ठाऊक होतं.

असं ॲप प्ले स्टोअरवर का नसतं, हेही आईने विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. २०१९ पासून गूगलने प्ले स्टोअरवर एसएमएसची परवानगी मुख्यतः त्याच ॲप्सना ठेवली आहे जी तुमचं मेसेजचं नेहमीचं ॲप म्हणून काम करतात. 'ड्राफ्ट परत आणतो' म्हणणाऱ्याला तिथे सहज थारा मिळत नाही, म्हणून तो लिंक पाठवतो.

पाच वर्षांचे ड्राफ्ट ही शुद्ध थाप. ज्या चॅटमध्ये ड्राफ्ट होता ती चॅट पुसली की ड्राफ्टही जातो. खोक्यात लिहून एकेक अक्षर मागे खोडलं तर ते लिखाण बहुतेक वेळा कुठे साठवलेलंच नसतं.

थोडं खरं आहे ते मान्य करते, नाहीतर उद्या कोणीतरी तेवढंच उचलून मला खोटं ठरवेल. पोलिसांच्या प्रयोगशाळेत फोनमधले पुसलेले मेसेज कधी कधी सापडतात, कारण नोंद पुसली तरी तिची जागा दुसऱ्या कशाने भरेपर्यंत मजकूर मागे राहू शकतो. त्यासाठी त्यांची यंत्रं लागतात, फोन त्यांच्या ताब्यात लागतो. टेलिग्रामवर अर्धवट लिहिलेलं त्यांच्या सर्व्हरवर जातं, म्हणून ते दुसऱ्या फोनवरही दिसतं. जीमेलचा ड्राफ्टही तसाच. आयफोनवर २०२२ पासून, आयओएस १६ आल्यावर, पुसलेले मेसेज 'रिसेंटली डिलीटेड' मध्ये ३० दिवस राहतात, कधी ४० पर्यंत. सॅमसंगच्या मेसेज ॲपमध्येही ३० दिवसांची कचरापेटी आहे. जुन्या बटणांच्या नोकियात ड्राफ्ट नावाचं वेगळं फोल्डर असायचं, आमच्या आईसारख्यांना तेच आठवतं, आणि हा मेसेज त्या आठवणीवरच चालतो.

आणखी एक खरी गोष्ट. फेसबुकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ३९ लाख लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ७१ टक्के लोकांनी निदान एकदा तरी काहीतरी लिहून पोस्ट न करता सोडून दिलं होतं. म्हणजे लिहिलं आणि पाठवलं नाही, हे कंपनीला कळू शकतं. पण त्या अभ्यासात लोकांनी काय लिहिलं होतं ते घेतलेलं नव्हतं. पाचएक अक्षरं लिहिली गेली आणि पुढे टाकली गेली नाहीत, एवढंच मोजलं होतं. आणि तो फेसबुकचा स्वतःच्या खोक्याचा मामला होता, तुमच्या एसएमएसचा त्यात काही संबंध नाही.

व्हॉट्सॲपवर तर शोधायलाच नको. नोव्हेंबर २०२४ पासून अर्धवट मेसेज असलेली चॅट यादीत वर येते आणि तिच्यावर हिरव्या अक्षरात 'ड्राफ्ट' लिहिलेलं असतं.

चौथ्या मुद्द्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. घरातल्या कोणी काय लिहून पुसलं ते दिसेल म्हणे. तांत्रिकदृष्ट्या खोटं आहे ते वर सांगितलंच. पण आमच्या गल्लीत या एका ओळीने काय केलं ते मला माहीत आहे. आमच्या शेजारची एक सून परवा दुपारी मला जिन्यात थांबवून हळूच विचारत होती, 'ताई, माहेरी काही लिहिलं आणि नको म्हणून पुसलं, तर ते इथे कोणाला दिसतं का हो?' तिचा आवाज इतका दबलेला होता की मला दोनदा विचारावं लागलं. नाही गं, दिसत नाही. माणसाने रागात, दुःखात काहीतरी लिहावं, वाचून बघावं आणि पुसावं, एवढा तरी कोपरा तिला असायला हवा. सुनेचे, मुलीचे पुसलेले शब्द वाचायला मिळतील या आशेवर ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी स्वतःला विचारावं की हे सापडलं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं.

आईचा हिशोब सापडला, दोन मिनिटांत, काहीही इन्स्टॉल न करता. तिने तो मावशीच्या नावाच्या चॅटमध्ये लिहिला होता आणि नंतर यादी खालीवर करताना बोट आडवं गेलं. गूगलच्या मेसेज ॲपमध्ये चॅट आडवी सरकवली की सहसा ती आर्काइव्ह होते, म्हणजे वेगळ्या यादीत जाते, पुसली जात नाही. वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोच्या गोलावर टिचकी, तिथून आर्काइव्ह, आणि मावशीचं नाव समोर. उघडलं तर खोक्यात सगळं तसंच:

'पिवळं घर २०००. टेलरीणबाई १०००, बाकी १००० गड्डा जत्रा झाल्यावर. पापडवाल्या २०००. वरच्या मजल्याच्या सूनबाई २००० सासूला न सांगता.'

आई ते वाचून मान हलवत राहिली. अकरा नावं होती, पुढची गेली होती. लिहिताना बॅटरी संपून फोन बंद पडला होता म्हणे. ड्राफ्ट सहसा आपण ती स्क्रीन सोडतो तेव्हा जपला जातो. फोन अचानक बंद पडला तर शेवटचं लिहिलेलं राहीलच असं नाही, आणि तसं गेलेलं आणून देणारं ॲप नाही. उरलेल्या नऊ जणींना आईने फोन करून विचारलं. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास तिळगुळाच्या वड्यांवर गेला.

तुमचंही काही हरवलं असेल तर क्रम एवढाच: चॅटच्या यादीत 'ड्राफ्ट' किंवा 'मसुदा' असं लिहिलेलं दिसतं का बघा, मग वरच्या शोधात त्या माणसाचं नाव टाका, मग आर्काइव्ह, मग कचरापेटी असेल तर ती. मजकूर कुठे कॉपी केला असेल तर कीबोर्डचा क्लिपबोर्ड लगेच उघडा, गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर पिन न केलेलं तासाभरातच जातं. यात सापडलं नाही तर पुन्हा लिहा.

हे सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासाने पापडवाल्या मावशींचा फोन आला. त्यांनी ॲप दुपारीच घेतलं होतं, सगळ्या परवानग्या दिल्या होत्या. मी चप्पल घालून तशीच गेले. फोन आधी फ्लाइट मोडवर टाकला, वायफाय बंद. त्यांच्या मुलाच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला सांगून खातं आणि यूपीआय दोन्ही थांबवलं, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन त्या ॲपची परवानगी काढली, तेव्हा कुठे ते ॲप काढता आलं. पैसे अजून गेलेले दिसत नाहीत. फोटो आणि नंबर दुसरीकडे काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करायचा आहे, आणि सकाळी बँक उघडली की आम्ही दोघी पासबुक घेऊन जाणार आहोत.