कार्बनचे कापड चिकटवू इच्छिणाऱ्या सोसायट्यांस मार्गदर्शन

आपल्या जुन्या इमारतीच्या तुळयांना आणि खांबांना कार्बन फायबरचे वेष्टन देण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला असेल, तर कापड कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर दोन बैठका अवश्य खर्ची घालाव्यात आणि ते ज्याला चिकटायचे आहे त्या काँक्रीटचा विषय कार्यपत्रिकेवर येऊ देऊ नये. कापडाची ताणशक्ती पोलादाहून कितीतरी अधिक असल्याचे माहितीपत्रकात ठळक छापलेले असते. परंतु थर सुटतो तेव्हा बहुधा कापड चिकटवणारी इपॉक्सी ही राळ शाबूत राहते आणि तिच्याखालची काँक्रीटची पातळ सालच उखडून येते, हे तेथे छापलेले नसल्यामुळे विचारात घेण्याचे कारण नाही.

पृष्ठभागाच्या तयारीत वेळ दवडू नये. ग्राइंडरने सिमेंटची कमकुवत साय काढून खडी उघडी करायची म्हटले की धूळ उडते आणि तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येते. त्यापेक्षा जुन्या गिलाव्यावरच प्रायमर फिरवावा. आतील सळई गंजत असेल, तर ती उघडी करून साफ करण्याऐवजी वरून कापड गुंडाळणे सोयीचे, कारण फुगणारा गंज काँक्रीटला आतून ढकलत राहिला तरी बाहेरून काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर सभासद प्रश्न विचारत नाहीत. चौकोनी खांबाचे कोपरे किमान 13 मिलिमीटर त्रिज्येने गोलावावेत, असे अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट सांगते. ते बिचारे आपल्या ठेकेदाराला ओळखत नाहीत.

काँक्रीटची पकड ओढून जोखणाऱ्या पुल-ऑफ चाचणीचा हट्ट एखाद्या निवृत्त अभियंत्याने धरलाच, तर पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ती ओढण्याची जागा ठेकेदारालाच निवडू द्यावी, म्हणजे 1.4 मेगापास्कलचा किमान आकडा इमारतीतील सर्वांत धडधाकट कोपऱ्यात निर्विघ्न मिळतो.

स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळील इबाख पुलाला 1991 साली कार्बनच्या पट्ट्या चिकटवून बळकटी दिली होती, हा दाखला सभेत जरूर द्यावा. तेथे सिग्नल बसवताना पूर्वताणाची, म्हणजे काँक्रीटला आवळून धरणारी ताणलेली, केबल दुखावली होती, म्हणजे दुखणे नेमके काय ते आधीच ठाऊक होते, एवढा तपशील तेवढा वगळावा.

काम शक्यतो जुलैमध्ये काढावे, म्हणजे इपॉक्सीलाही मुंबईचा पाऊस अनुभवता येईल. थर सुकल्यावर हातोडीने ठोकून पोकळ जागा शोधण्याची पद्धत आहे. त्याआधीच रंग उरकून घ्यावा आणि हमीपत्र कापडाचे आहे की चिकटण्याचे, हे न वाचता अंतिम बिलावर सही करावी.