आधी बांधा, कायदा मागून येतो

घर बांधायचं म्हणून नगररचना विभागात खेटे घालताय? कुणी सांगितलंय? आधी बांधा.

मुहूर्त शुक्रवार संध्याकाळचा धरा. २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे. साहेब सोमवारी खुर्चीत बसेपर्यंत स्लॅब पडलेला असतो. समोर हिरवी जाळी लावा. विचारलंच कुणी, तर ‘गळतीची डागडुजी’ म्हणा.

मग १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ची नोटीस येईल. फाडू नका. बांधकाम कधीचं आहे, याचा तोच पुढे सरकारी पुरावा होतो. फारच बोभाटा झाला तर पथक येईल, ब्रेकरने स्लॅबला चार भोकं पाडेल, फोटो काढेल आणि ‘कारवाई पूर्ण’ असा शेरा मारून निघून जाईल. भोकं बुजवायला कितीसं सिमेंट लागतं? लगेच घरपट्टी लावून घ्या. बिलावर ‘यामुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही’ असं छापलेलं असेल. ते वाचायचं नसतं.

आता नुसती वाट पाहायची. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींचा कायदा २००१ साली आला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं पैसे भरून पावन झाली. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० वर सरकली. मधे २०१७ साली नगररचना कायद्यातच बेकायदा बांधकामं नियमित करणारं कलम ५२अ आलं, त्याची तारीख ३१ डिसेंबर २०१५. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामावरचा दंडाचा कर, २०२३ मध्ये माफ झाला. (झोपडीवाल्यांच्या तारखाही सरकल्या, पण त्यांना दुसरी जागा कुठे होती? आपण बोलतोय ते तीन मजले चढवून भाडं खाणाऱ्यांबद्दल.)

नैतिकतेचं काय, असं शेजारचा विचारेल. हा तोच, ज्याने नकाशा मंजूर करून घेतला, विकास शुल्क भरलं, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडलं. आता त्याच्या खिडकीसमोर तुमची भिंत आहे. त्याने तक्रार केलीच, तर ‘गरिबाच्या पोटावर पाय देतो’ म्हणून गल्लीभर बोभाटा करा. नगरसेवक तुमच्याच बाजूने बोलेल; शेजाऱ्याच्या घरात दोन मतं, तुमच्या भाडेकरूंची वीस.

तेव्हा भाडेकरू लवकर भरा, रंग लागायची वाट पाहू नका. माणसं राहत असली की पाडायला कुणी धजत नाही. ठाण्याजवळच्या शीळफाट्याच्या बेकायदा इमारतीतही वर काम चालू असतानाच खाली माणसं राहायला आली होती. ४ एप्रिल २०१३च्या संध्याकाळी ती कोसळली, ७४ जण गेले. तुम्ही स्वतः मात्र दुसरीकडे राहा, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीत.