नॅनो इलेक्ट्रिक अडीच लाखात? आधी गुणाकार करून बघा

काकांनी परवा घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: रतन टाटांचं स्वप्न पूर्ण, नॅनो इलेक्ट्रिक फक्त अडीच लाखात, एका चार्जवर ४०० किमी, १० मिनिटांत फुल, छतावर सोलर, बुकिंग ४९९ रुपयांत सुरू. सोबत लाल गाडीचा फोटो. तो जरा मोठा करून बघा. पुढच्या चाकाचं अलॉय पाच काड्यांचं, मागच्याचं सहा. दाराला हँडलच नाही.

टाटा मोटर्सने अशी गाडी जाहीर केलेली नाही. यावर ‘कंपनी गुपित ठेवतेय’ हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणून कंपनी राहू द्या, हिशेब करू.

एमजी कॉमेट ही इलेक्ट्रिक गाडी तीन मीटरपेक्षा कमी लांबीची, म्हणजे नॅनोच्याच मापाची. बॅटरी १७.३ युनिटची (म्हणजे किलोवॅट-तासांची), रेंज कागदावर २३० किमी. त्याच हिशेबाने ४०० किमीला ३० युनिट लागतात. २०२४ मध्ये बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव युनिटमागे सुमारे ११५ डॉलर होता. करा गुणाकार: रुपयांत पावणेतीन-तीन लाख. नुसती बॅटरीच अडीच लाखांच्या वर गेली. मोटर, पत्रा, टायर, सीट अजून यायचंय. शिवाय ही बॅटरी वजनाला भरणार दोनशे किलोच्या आसपास, आणि अख्खी नॅनोच होती सहाशे किलोची. पेट्रोल नॅनोसुद्धा बंद होता होता दोन लाखांच्या पुढे गेली होती, तीही एअरबॅगशिवाय. आता दोन एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहेत. टाटांचीच इलेक्ट्रिक टियागो ईव्ही २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून सुरू झाली, कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ पासून. एवढी किंमत काही हौस म्हणून नाही.

‘मग पुण्याच्या वायवे कंपनीची छोटी इलेक्ट्रिक गाडी इव्हा सव्वातीन लाखात कशी?’ रास्त प्रश्न. ती किंमत बॅटरी वगळून आहे, बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे वेगळे. आणि बसणार दोन मोठे, एक पोर.

१० मिनिटांत ३० युनिट भरायचे तर १८० किलोवॅटचा चार्जर हवा. आपल्याकडे रस्त्यावर बहुतेक ३० नाहीतर ६० चे. घरचा १५ अँपिअरचा सॉकेट जेमतेम साडेतीन किलोवॅट देतो, म्हणजे रात्रभर.

सोलरचं तर थोडक्यातच. एवढ्याशा छतावर दोनेक चौरस मीटरचं पॅनेल बसेल, कडक उन्हात चारशे वॅट. दिवसभर उघड्यावर तापली तर पंधरा-वीस किलोमीटर मिळतील. आमच्या सोसायटीत पार्किंग तळघरात आहे.

मेसेजमध्ये खरं काय असेल तर एवढंच: २०२२ मध्ये इलेक्ट्रा ईव्ही या कंपनीने रतन टाटांना एक विजेवर चालणारी नॅनो बनवून दिली होती. ती त्यांच्या वापरासाठी होती, विक्रीला नव्हती. त्या गाडीचे फोटो फिरले आणि त्यांवर दरवर्षी नवे आकडे चढत गेले.

राहता राहिली बुकिंगची लिंक. मी तिच्यातला पैसे भरायचा क्यूआर स्कॅन करून बघितला. पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. काका, ४९९ भरले नाहीत ना अजून?