“आधी त्याला आंघोळीला उठवून दाखवा” : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळीत ‘धन्यवाद’ टाकून विषय संपवावा असं वाटेना, म्हणून वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. स्किझोफ्रेनिया (भास होणं, उगाच संशय येणं असा गंभीर मानसिक आजार) किंवा बायपोलर (मूड टोकाचा चढतो-उतरतो तो आजार) असलेल्या माणसांनी रोज थोडं तरी चालावं असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ताई म्हणतात की माझा भाऊ चार-चार दिवस आंघोळीला उठत नाही, आधी त्याला उठवून दाखवा मग चालायच्या गोष्टी करा, त्याचं वजन गोळ्यांनी वाढलंय आळसाने नाही, असलं वाचून नातेवाईक ‘गोळ्या सोड, योगा कर’ म्हणायला मोकळे होतात, आणि घरच्यांच्या डोक्यावर आधीच काय कमी आहे की त्यात हे आणखी एक.

गोळ्यांचं आधी बोलू, कारण तिथे गैरसमज झाला तर माणूस परत ॲडमिट होतो. चालण्याने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही आणि गोळीच्या जागी व्यायाम चालत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांवरच्या मोठ्या संस्थेत योगावर झालेला जो अभ्यास २००७ मध्ये छापून आला, त्यात चार महिने योगा केलेल्यांमध्ये सुस्ती, एकलकोंडेपणा, कशातच मन न लागणं अशी लक्षणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालेली दिसली, पण दोन्हीकडच्यांची औषधं चालूच होती. योगाचं नाव काढणाऱ्या नातेवाईकांना हे अर्धं वाक्य नक्की ऐकवा.

वजनाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. ओलान्झापिन, क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं सुरू झाली की भूक अशी काही लागते की जेवून उठलेला माणूस तासाभरात परत डबे उघडतो, वजन वाढतं, शुगर वाढते, कोलेस्टेरॉल वाढतं. त्याला आळशी म्हणणं हा अन्यायच आहे. पण ताई, नेमकं म्हणूनच मी हा विषय सोडत नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हार्ट, डायबेटीस, फुप्फुसं असल्या शरीराच्या आजारांनी होतात. आपण सगळे भास, संशय, आरडाओरडा यावर डोळा ठेवून बसतो आणि बीपी-शुगर वर्षानुवर्षं कोणी तपासतच नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की वजन कमी चढेल असं दुसरं औषध बसेल का, मेटफॉर्मिन या डायबेटीसवरच्या गोळीचा उपयोग होईल का. हे विचारणं म्हणजे गोळ्या बंद करणं नव्हे.

आता आंघोळ. मला वाटतं ‘आधी आंघोळ’ हा क्रमच सोडून द्यावा. त्याच्या बाजूने बघा ना, उठायचं, कपडे शोधायचे, पाणी काढायचं, अंगावरचे उतरवायचे, ओलं व्हायचं, पुसायचं, परत घालायचे, ज्याच्या आजाराने कुठलीही गोष्ट सुरू करायची ताकदच काढून घेतलीय त्याला हे डोंगराएवढं आहे. माझ्या मामाला ‘फिरायला चल’ म्हटलं की तो भिंतीकडे कूस बदलायचा. ‘दुधाची पिशवी आणायचीय, येतोस का माझ्याबरोबर’ म्हटलं की कधीकधी उठायचा, तसाच, चुरगळलेल्या पायजम्यावर, पायात स्लिपर. डेअरी गल्लीच्या टोकाला. पिशवी तो स्वतः धरायचा, मला हात लावू द्यायचा नाही. सुरुवातीचं चालणं म्हणजे एवढंच. पुढे कधीतरी डेअरीच्या पुढे बसस्टॉपपर्यंत जाणं व्हायला लागलं, मध्येच आठवडेच्या आठवडे काहीच नाही, मग परत पहिल्यापासून. दाढी-आंघोळ न करता बाहेर पडला म्हणून काही बिघडलं नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट ‘माझ्याबरोबर’ ही आहे. इंग्लंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना खाणं आणि हालचाल याबद्दल ग्रुपमध्ये बसवून शिकवण्याचा एक मोठा प्रयोग झाला, निकाल २०१८ मध्ये आले, वर्षभराने वजनात फरक शून्य. उलट अमेरिकेत मेरीलँडमध्ये पेशंट जिथे रोज यायचेच त्या केंद्रांमध्ये सल्ल्याच्या जोडीला प्रत्यक्ष ग्रुपने व्यायाम करून घेतला, दोन्ही गट मिळून २९१ लोक होते, आणि १८ महिन्यांनी या व्यायाम करणाऱ्यांचं वजन तो कार्यक्रम न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३.२ किलोने कमी भरलं. आकडा छोटा वाटेल पण ही सगळी माणसं औषधं घेत असताना तो आलाय. मी यातून एवढं घेते की सांगून होत नाही, सोबत जाऊन होतं.

पहाटे उठवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरलेली नसते, संध्याकाळी पाचनंतर बरं. बसल्या जागेवरून झटकन उठलं की काही औषधांनी चक्कर येते, तेव्हा सावकाश. बायपोलरसाठी देतात ते लिथियम चालू असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळणं धोक्याचं आहे, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा. आणि तो खोलीत सारखा येरझाऱ्या घालत असेल, एका जागी बसवतच नसेल, तर ‘चला, हालचाल होतेय’ म्हणून खूश होऊ नका, तो औषधाचा त्रास असू शकतो आणि त्यावर इलाज आहे.

राहिलं घरच्यांचं ओझं. इथे मी तुमच्याच बाजूने आहे. हे काम खरं तर डे-केअर सेंटरचं, हॉस्पिटलच्या ओपीडीचं, सरकारचं आहे. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी मनोरुग्णालयं आहेत, पण डिस्चार्जनंतर तालुक्याच्या गावात त्या माणसाला आठवड्यातून तीनदा कोण चालायला नेणार याची सोय कुठेच नाही, मग ते येऊन पडतं आईवर नाहीतर बहिणीवर. म्हणून सगळं तुम्ही करू नका. भाचा, शेजारचा मुलगा, रिटायर झालेले काका, कोणीही आठवड्यातला एक दिवस उचलू दे. तुम्ही लिहिलंय की गल्लीतली पोरं त्याला चिडवतात, तर मग गल्लीतून नेऊच नका, रिक्षाने दोन स्टॉप पुढे जा आणि जिथे कोणी ओळखत नाही तिथे उतरून चाला, आम्ही बरेच दिवस तेच केलं. तो कुठली औषधं घेतो आणि दिवसातल्या कुठल्या वेळी त्यातल्या त्यात बरा असतो ते कळवा, वेळ कशी बसवायची ते बघू.