माझ्यात मीठ किती

एका तरुण सहकारी मैत्रिणीने आपल्या बायपोलर आजारावर (यात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात) लिहिलेली कविता मला वाचायला दिली आणि सोबत अट घातली : "ताई, धाडसी आहे असं म्हणू नका, ते सगळ्यांचं म्हणून झालंय. कविता म्हणून कशी आहे ते सांगा." तिला जे सांगितले तेच तिच्या परवानगीने येथे लिहीत आहे.

अशा कवितेपुढे आपण बहुधा पेन खाली ठेवतो, कारण एखादी ओळ सैल आहे असे म्हणणे म्हणजे लिहिणाऱ्याच्या सोसण्यावरच शंका घेतल्यासारखे वाटते. पण 'धाडसी' हा शेरा कविता न वाचताही देता येतो, हे तिने नेमके ओळखले होते. उलट टोकाची चूकही जुनीच आहे. अमेरिकन कवयित्री ॲन सेक्स्टन १९५६ मधल्या आजारपणानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून कविता लिहू लागल्या. ज्यांच्या वर्गात त्या शिकल्या त्या जॉन होम्स यांनी मनोरुग्णालयावरच्या कविता छापू नयेत असा सल्ला दिला, तेव्हा सेक्स्टन यांनी उत्तरादाखल एक कविताच लिहिली आणि १९६० मधल्या पहिल्या संग्रहात घातली. होम्स यांना विषय खुपला होता; आज आपल्याला विषयच पुरेसा वाटतो, आणि ओळींचे काय हा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो.

या कवितेत चव्वेचाळीस ओळी आहेत. सुरुवातीच्या तीन कडव्यांत अंधार पाच वेळा येतो आणि भार, आधार ही त्याची यमके ठरल्याप्रमाणे मागोमाग येतात. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणाच्याही दुःखाला बसतात. त्याहून मोठी अडचण उन्मादाच्या कडव्यात आहे. तीन रात्री झोप नव्हती, मन धावत होते, असे ती लिहिते. कडवे मात्र नैराश्याच्या कडव्याइतकेच शिस्तीचे आहे, चार सारख्या लांबीच्या ओळी आणि प्रत्येकीच्या शेवटी पूर्णविराम. ज्या अवस्थेत एक विचार पुरा होण्याआधी दुसरा घुसतो आणि बोलणे आवरत नाही, तिथे ओळीने ओळीवर आदळायला हवे होते, निदान एखादे यमक तरी चुकायला हवे होते.

आणि मग एकतिसाव्या ओळीपाशी, कसलीही तयारी नसताना, हे येते : "दर तीन महिन्यांनी रक्त देते आणि विचारते, / माझ्यात मीठ किती." या आजारावरचे लिथियम हे औषध क्षाराच्या, म्हणजे एका प्रकारच्या मिठाच्या, रूपात देतात, रक्तातली त्याची पातळी कमी पडली तर उपयोग होत नाही आणि वाढली तर विषबाधा होते, म्हणून ती पुन्हापुन्हा मोजावी लागते. ही सगळी टांगती अवस्था त्या एका प्रश्नात आली आहे. पुढच्या ओळीत ती पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरते. औषधाने येणारा कंप हा शब्दही न वापरता दिसतो. (दुर्दैवाने लगेच "किती अवघड हे जगणे" असे सांगून ती स्वतःच ते पुसून टाकते.)

मी तिला म्हटले, कविता इथून सुरू कर, आणि शेवटची 'नवी पहाट' काढ, कारण पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली असताना ती पहाट तुलाही पटलेली दिसत नाही.

तिने थोडा वेळ घेतला. "पहाट काढते," ती म्हणाली, "पण अंधार एकदा तरी राहू द्या, तो खरंच होता."

राहू दे म्हटले, फक्त 'आधार' शेजारी नको.